तुळशीरामची सहा शून्यं

पनवेलच्या कोळीवाड्यात तुळशीरामला लोक जरा सर्किटच समजत. मासे सगळेच धरत, पण धरलेलं लिहून ठेवणारा हा एकटाच. चौथीतच शाळेला रामराम ठोकलेला गडी, पण खाडीवरून आला की अंगावरचं पाणी निथळायच्या आत भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे उभा. दोन पाट्या मासे मिळाले, तर त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने दोन. जाळं टाकून काहीच आलं नाही, तर शून्य. खाडीवर गेलाच नाही, तर चौकोन कोरा. शून्य आणि कोरा यांत त्याने सव्वीस वर्षांत कधी गल्लत केली नाही. "म्हावऱ्याचा जलमदाखला लिवतोय," म्हणून बायको शांती त्याची टर उडवायची. तिने एखादं जुनं कॅलेंडर सुकट बांधायला काढलं, की मात्र हा वसकन अंगावर यायचा.

ही कॅलेंडरं २०१४ साली रोडपालीच्या समृद्धीच्या नजरेस पडली. पोरगी एमएस्सी करत होती, खाडीतले मासे का कमी झाले यावर. भेंडोळं उलगडताच तिने तिथेच बैठक मारली. महिनाभर ती त्यांच्या पडवीत बसून ते आकडे लॅपटॉपमध्ये भरत राहिली. एकदा म्हणाली, "काका, हे सगळं इंटरनेटवरच्या मोठ्या साठ्यात जाणार. जगातला कुठलाही शास्त्रज्ञ उघडून बघेल. वर तुमचं नाव." त्या दिवशी तुळशीरामने शांतीला दोनदा विचारलं, "जगातला म्हंजे नक्की कुठला गं?"

समृद्धीच्या कॉलेजात, नवीन पनवेलला, चेऊलकर मॅडम एक सेमिनार घ्यायच्या. शोधनिबंध कसा छापतात, आकड्यांचे अवाढव्य साठे कसे सांभाळतात, असा विषय. समृद्धीची पाळी आली तेव्हा ती काकांनाही घेऊन गेली. कडक इस्त्रीचा सदरा घालून तुळशीराम पहिल्या बाकावर बसला. कुणीतरी हातात चहा दिला.

मॅडम आधी पोरांना म्हणाल्या, "निबंध चार लोक वाचतील आणि विसरतील. आकडे मात्र पन्नास वर्षांनीही कुणीतरी वापरणार. ज्याची शपथ घेता येणार नाही असा एकही आकडा त्यात जाता कामा नये." तुळशीरामला हे फार पटलं. त्याने जोरजोरात मान डोलावली.

मग समृद्धीने पडद्यावर एक महिना दाखवला. "ऑक्टोबर २००७. आधी रोज तीन-चार पाट्या मासे, आणि अचानक सलग सहा शून्यं. काकांचं शून्य म्हणजे जाळं टाकलं आणि काहीच मिळालं नाही. पुढे महिनाभर कोरं, म्हणजे काका गेलेच नाहीत. जाणार तरी कशाला? ते सहा दिवस खाडी मेलेली होती. कुठल्यातरी कारखान्याने विष सोडलं असणार. माझा निबंध या सहा शून्यांवरच उभा आहे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. तुळशीरामच्या हातातला चहा तसाच राहिला. कारखान्यांनी कधी विष सोडलंच नव्हतं असं थोडंच? पोटं वर करून तरंगणारे मासे त्याने कितीदा पाहिले होते. गप्प बसलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? पोरीचं भलं होईल, कारखानेवाल्यांची खोड मोडेल, आणि ती सहा शून्यं जिथल्या तिथे राहतील. त्यालाही तेच हवं होतं. पण ते शपथेचं बोलणं काट्यासारखं घशात अडकलं.

तो उभा राहिला. "पोरी, ते शून्य खोटं हाय."

समृद्धी पडद्याकडे वळून पुन्हा तो महिना बघू लागली.

"म्हावरं व्हतं. जालं भरून येत व्हतं. मीच झटकून परत सोडलं. मी म्हावऱ्यासाठी गेलोच नव्हतो." त्याला दम लागला. "माजा जीवन. बावीस वर्साचा पोर. होडी पलटी झाली. सहा दिस आमी त्याला जाल्यानं शोधत व्हतो. घरी येऊन कॅलेंडराफुडं उभा ऱ्हायचो. काय लिवणार? जालं टाकलं, पोर गावला नाय. मंग शून्य लिवलं."

समृद्धी खालीच बसली. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "काका, शून्यं राहू देत. आपण खाली टीप देऊ."

"नाय. कुनी पन्नास वर्सांनी बघल, तो म्हनल खाडी मेली व्हती. खाडी जिती व्हती. माजा पोर मेला."

समृद्धीच्याने काही ते खोडवेना. तिने लॅपटॉप त्याच्यापुढे सरकवला आणि बटण दाखवलं. तुळशीरामने आपल्या जाड बोटाने पहिलं शून्य पुसलं. चौकोन कोरा झाला. मग दुसरं, मग तिसरं. सात वर्षं त्याला तेवढाच आधार होता, की आपण पोराला शोधत होतो हे कुठेतरी लिहिलेलं आहे. आता जगाच्या साठ्यात त्या दिवसांपुढे काहीच उरणार नव्हतं. पाचवं पुसताना त्याला रडू फुटलं, आणि इतक्या पोरांसमोर तो रडला.

सहाव्या शून्यावर त्याचं बोट थांबलं.

"हे ऱ्हाऊ दे. हे खरं हाय."

समृद्धीने विचारलं, "त्या दिवशीचे मासे सोडले नाहीत, काका?"

"नाय. त्या दिशी जाल्यात येक पन म्हावरं नव्हतं." त्याने बाहीने तोंड पुसलं. "जीवन यकटाच व्हता."