ओ आल्याशिवाय

साखरशेतहून भाजीची टोपली घेऊन येणारी ती म्हातारी, दार सताड उघडं असलं तरी कुणाच्या घरात शिरत नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून हाक मारते. मी एकदा चिडलोच, तर म्हणाली, "ओ आली नाय तं कशी येऊ?"

शेजारच्या कवी मास्तरांचं घर तिच्या हक्काचं. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या मातीलाही ती आली होती.

काल त्या घराचं साहित्यकेंद्र झालं. तारपा वाजला, फीत कापली, भाषणं झाली. आम्ही सगळे आत फोटो काढत होतो. ती वालाच्या शेंगा घेऊन पायरीशी आली.

"मास्तर, हायेस का घरात?"

बराच वेळ थांबली, मग टोपली उचलून चालू लागली.

आत आम्ही एवढे जण. एकाच्याही तोंडून ओ निघाली नाही.