तलवारीचे पिक्चर आणि आमची रविवारची टोळी

रिटायर झाल्यावर माणसाजवळ दोन गोष्टी आपोआप साचतात. गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि किस्से. पाकिटं बायको फेकून देते, किस्से मात्र घरात कुणाला फेकता येत नाहीत! लातुरात आमच्या काझीच्या ओट्यावर आम्ही जुनी मंडळी जमलो की कुणीतरी हात तलवारीसारखा पुढं करतं, अन् सुरू.

नातवंडं विचारतात, "आजोबा, त्या इंग्रजी पिक्चरमध्ये असं होतं तरी काय?"

काय सांगणार! गलबतं होती, घोडे होते, झुंबराला लोंबकळून अख्खा दिवाणखाना ओलांडणारा एक हसरा हिरो होता. दहा जणांशी लढताना त्याच्या केसाची बटसुद्धा हलायची नाही. त्याचं नाव आम्हाला कधी धड म्हणता आलं नाही. पण त्याच्यासारखं ज्यानं हसून बघितलं नाही, असा आमच्यात एकजण नाही.

*

माझी पहिली ओळख मुखेडची. बहात्तरचा दुष्काळ. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो आणि दुष्काळी कामावर मजुरांची हजेरी घ्यायचो. बाजाराच्या दिवशी गावात तंबूचं थेटर आलं. मालकाजवळ कुठून तरी एक इंग्रजी पिक्चर आला होता, जुना, झिजलेला. पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा. लोक म्हणाले, "रेघा का होईना, पाऊस तर दिसला!"

खडी फोडून आलेल्या बायका पुढं मातीत बसल्या होत्या. पडदा उजळला अन् समुद्र! जिकडं बघावं तिकडं पाणी. लाटा उसळताहेत, दोन गलबतं एकमेकांना भिडताहेत, माणसं दोरांना लटकून तलवारी फिरवताहेत. तेवढ्यात एक बाई कळवळून बोलली, "अगं बया! एवढं पाणी हाय, तरी हे भांडून काऊन राहिले?"

शेजारची म्हातारी शांतपणे म्हणाली, "पाणी हाय म्हनूनच की!"

*

पुढं लातूर नवा जिल्हा झाला आणि मी तिथल्या ऑफिसात लागलो. जिल्हा नवा म्हणजे सगळंच नवं. फायली आल्या तर कपाट नाही, कपाट आलं तर किल्ली नाही. कोण उस्मानाबादहून आलेला, कोण नांदेडहून. कुणाचं बिऱ्हाड अजून लागलेलं नव्हतं. रविवार खायला उठायचा. अशात कळलं, इथल्या एका थेटरात रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चर लावतात. झाली टोळी!

टोळीत चौघं अन् मी. अकाउंटचा बनसोडे, औरंगाबादला शिकलेला, इंग्रजी एकदम फर्डं. उदगीरचा काझी. निलंग्याकडचा मुळे, अंगानं आडवा पण मनानं तलवारबाज. आणि टायपिस्ट शिंदेबाई. बाईमाणूस रविवारी सकाळी थेटरात, यावर ऑफिसात कुजबुज झाली. बाईंनी टाइपरायटर न थांबवता विचारलं, "इंग्रजी पिक्चर न कळायचा हक्क काय फक्त पुरुषांनाच आहे?"

आमच्यात बनसोडेलाच इंग्रजी कळायचं. तो हळू आवाजात मराठी करून सांगायचा. हळूहळू मागच्या रांगांना सवय लागली. पडद्यावर कुणी चार वाक्यं बोललं की अंधारातून आवाज यायचा, "बनसोडे सायेब, काय म्हनला?" बनसोडे मोठ्यानं सांगायचा, "म्हणतो, राजाचा सेनापती बेइमान आहे!" लगेच शिट्ट्या.

एकदा हिरो हिरॉइनच्या सज्जात चढला. तिचा हात हातात घेतला आणि बोलायला लागला. बोलतोय, बोलतोय, थांबतच नाही. बनसोडे गप्प. शेजारी शिंदेबाई.

मागून ओरड, "सायेब, काय म्हनला?"

बनसोडे खुर्चीत खाली सरकला.

"ओ बनसोडे सायेब! एवढं काय बोलून राहिला तो?"

बनसोडे ताडकन उठला आणि मागं वळून म्हणाला, "खाजगी आहे!"

अख्खं थेटर हसलं. शिंदेबाई मात्र पडद्याकडंच बघत होत्या.

*

त्या थेटरात रिळं सरळ क्रमानं लागतील याची कधी खात्री नसायची. एकदा दुष्ट सरदार तलवार छातीत घुसून कड्यावरून खाली पडला. टाळ्या! पुढच्या रिळात तोच सरदार नवा कोट घालून दरबारात हजर.

काझी मान डोलवत म्हणाला, "इसकू बोलते नौकरी, मियाँ! मरा तो भी ड्यूटी पे हाजिर!"

*

काझीचे अब्बा तरुणपणी उदगीरला टांगा चालवायचे. म्हातारपणी लेकाकडं राहायला आले. पिक्चर बघायचे नाहीत. पण यात घोडे आहेत म्हटल्यावर शेरवानी घालून तयार!

पिक्चरभर घोडे धावले. दरीतून, जंगलातून, पुलावरून. अब्बा काठी घट्ट धरून पुढं वाकलेले. शेवटी हिरो जिंकला, राजकन्या मिळाली, नगारे वाजले. सगळे टाळ्या पिटत होते, अब्बांचा चेहरा मात्र उतरलेला.

काझीनं विचारलं, "क्या हुआ अब्बा? पसंद नै आयी?"

"सुबू से दौडारे जानवर कू," अब्बा म्हणाले, "एक बखत पानी नै पिलाए. ये कायका हिरो?"

त्या साली लातुरात आम्हीच घागरभर पाण्यासाठी रांगेत उभे असायचो. पण परत येताना रस्त्यावर टांगा दिसला तसे अब्बा थांबले. टांगेवाल्याला "पानी पिलाया क्या इसकू?" म्हणून विचारलं, घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

*

आमच्या ऑफिसात प्रत्येक गोष्ट पायरीपायरीनं वर चढायची. आधी टिपणी, मग शेरा, मग मंजुरी. तो हिरो मात्र जिना सोडून थेट दोराला लटकायचा. आमचा जीव त्याच्यात अडकला तो यासाठी, असं मला आता वाटतं. मुळेचा तर फारच अडकला.

मुळे पहिल्या मजल्यावर राहायचा. उन्हाळ्यात गल्लीत टँकर यायचा आणि एकच झुंबड उडायची. एक दिवस मुळेची बायको खाली बॅरल धरून एकटी पडली, कुणी तिला पुढं जाऊ देईना. मुळेनं गॅलरीतून हे बघितलं. जिन्यानं जायला वेळ कुठला? धुणं वाळत घालायचा दोर खांबाला बांधलेला होताच. त्यानं एक टोक सोडलं, हाताला गुंडाळलं, "आलोऽऽ!" म्हणून ओरडला आणि उडी घेतली.

दोर तुटला. मुळे लुगडी, चादरींसकट सरळ बॅरलवर! तोवर बायकोचा नंबर लागून बॅरल नुकतंच भरलं होतं.

बायको धावत आली, खाली वाकली अन् किंचाळली, "अय्यो! सगळं सांडलं की हो!"

*

यापुढचा किस्सा कुणी सांगायचा, यावरून आमच्यात अजून भांडण होतं. आज मी सांगतो.

शिंदेबाई आणि बनसोडेचं जमलं. बाई लोह्याकडच्या पाटलाच्या घरच्या, बनसोडे बौद्ध. त्या दिवसांत आमच्या भागात अशा लग्नापायी काय काय होऊ शकत होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. बाईंचे वडील लवकर गेलेले. मोठ्या भावानं, दादांनी, त्यांना शिकवलं, टायपिंगच्या क्लासला घातलं. लग्नाचं कळलं तसं दादांनी बोलणं टाकलं. बाई म्हणायच्या, "ओरडले असते तर बरं झालं असतं."

नांदेडला रजिस्टर लग्न ठरलं. साक्षीदार तीन लागतात. मुळे, काझी आणि मी. मुळेनं सगळा बेत पिक्चरसारखा आखला होता. मागच्या दाराला जीप, इंजिन चालू, दगाफटका झाला तर नवराबायकोनं खिडकीतून उडी मारायची! पण काझीची एसटी उदगीरकडून येताना बंद पडली. वाट बघून बघून लग्न नोंदवणारे साहेब म्हणाले, "तिसरा साक्षीदार नसेल तर दुसरी तारीख घ्या." दुसऱ्या तारखेपर्यंत काय होईल, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात बाहेर फटफटी थांबली. बाईंनी खिडकीतून बघितलं आणि पांढऱ्याफटक पडल्या.

"दादा आले."

मुळे उन्हाची छत्री घेऊन दारात आडवा उभा राहिला. समोर दादा, तालमीतला गडी, चौकट भरून उरलेला.

"थांबा! एक पाऊल पुढं टाकायचं न्हाई!" मुळे ओरडला.

दादांनी छत्रीकडं बघितलं, मग मुळेकडं. दोन बोटांनी छत्री बाजूला केली आणि आत आले. बहिणीकडं बघितलं नाही. बनसोडेकडंही नाही. सरळ टेबलापुढं जाऊन उभे राहिले.

"काऊन थांबलंय?"

साहेब चाचरले, "एक... एक साक्षीदार कमी आहे."

दादांनी डोक्यावरची टोपी काढली, काखेत धरली आणि सदऱ्याचे खिसे चाचपले.

"पेन हाय का कुनाजवळ?"