शिजलेला पास्ता

आमच्या माहेरी कुणाचे घास मोजत नसत. मी एकदा भावाच्या पोळ्या मोजल्या, तर आईने पाठीत धपाटा घातला होता. मोजायचे ते तांदूळ, तेही कच्चे, वाटीने. पानात वाढलेलं कुणी मोजलेलं मी पाहिलं नव्हतं. मग माझ्या मुलाने स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. ह्यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, "सराफी दुकान काढताय का?"

तेव्हा हसलो आम्ही. मुलगा तेवीस वर्षांचा, आयटीत, कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमधूनच काम करणारा. आधी जिम झाली, मग बारीक होणं. सोसायटीत सगळ्यांनी कौतुक केलं, आम्हीही केलं. पण ते थांबेचना. टी-शर्टातून खांद्याची हाडं दिसायला लागली. पोळी-भाजी बंद झाली, कारण पोळीवर कॅलरी छापलेल्या नसतात. पास्त्याच्या पाकिटावर असतात, म्हणून पास्ता.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रोज पुरेसं खा, वजन आणखी उतरलं तर ॲडमिट करावं लागेल. त्या दिवसापासून तो दोन्ही वेळेला पास्ता उकडायचा, चाळणीत निथळायचा, काट्यावर वाडगा ठेवून तोलायचा आणि मला दाखवायचा. "बघ आई, शंभर ग्रॅमला साडेतीनशे. दोनशे ग्रॅम घेतलाय. सातशे झाल्या." माझा जीव भांड्यात पडायचा. हेही संध्याकाळी विचारायचे, "आज किती?" आकडा ऐकला की निवांत फिरायला जायचे.

आकडा झकास होता आणि वजन उतरतच होतं. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, काही निघालं नाही. मी, शिकलेली बाई, मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली.

एका दुपारी तो मीटिंगमध्ये होता म्हणून पास्ता मी केला. सवयीने कच्चाच तोलला, शंभर ग्रॅम. उकडल्यावर सहज पुन्हा तोलला, तर सव्वादोनशेच्या वर! पाणी पिऊन फुगलेला. आणि पाकिटावरचा आकडा कच्च्याचा. म्हणजे पोरगं सातशे म्हणून जे खात होतं, ते त्याच्या निम्मंही नव्हतं.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आजार नाही, बिजार नाही, नुसता हिशेब चुकलेला. वाटीभर तांदळाचा तीन वाट्या भात होतो, हे इंजिनियरला कळू नये? मी सगळा पास्ता ताटात ओतला आणि थेट त्याच्या खोलीत शिरले.

"अरे शहाण्या, शिजलेला कसला तोलतोस? दुप्पट खायला हवंस तू!"

त्याने कानातला हेडफोन काढला. हसला नाही.

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच."

"मग आम्हाला सातशे, सातशे का सांगत होतास?"

"आकडा ऐकला की तुम्ही दोघं गप्प बसायचात."

मला खूप राग आला. फसवल्याचा आला, आणि तो म्हणाला ते खरं होतं म्हणून जास्त आला. मी ताट त्याच्यापुढे आदळलं. "भूक लागत नाही का रे तुला?"

"लागते गं. रोज लागते." त्याने ताट दोन बोटांनी लांब सरकवलं. "हे घेऊन जा ना, आई. प्लीज."

ज्याला मी मांडीवर घेऊन भरवलं, तो मी आणलेल्या ताटाला घाबरत होता.