शोभाकाकूंची वाटी

जयभीम मंडळी. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता रुंद झाला, हे कम्युनिटीत सगळ्यांना माहीत आहे. फोटो मीच इथे टाकले होते, कौतुकाने.

रस्त्यापलीकडे शोभाकाकू राहतात. त्यांच्याकडून काही आलं की आई त्यांची वाटी कधी रिकामी परत करत नाही. मी शाळेत असल्यापासून हे चालू आहे.

आज संध्याकाळी आई आणि मी काकूंच्या वाटीत सुकटीची चटणी घेऊन निघालो. मध्ये कमरेएवढा नवीन डिव्हायडर, माणसाला जायला कुठेच जागा ठेवलेली नाही. गाड्या थांबेनात. पलीकडून काकू हात हलवून ओरडत होत्या, "राहू दे गं, नको येऊस!"

मी रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सामने जाने का? पूरा घूमके आना पडेगा."

"समोर जायला रिक्षा?" आई म्हणाली. "चल घरी."

घरी येऊन तिने चटणी आमच्या डब्यात काढली, वाटी घासली आणि आमच्याच भांड्यांत लावून टाकली. मला राग यायला हवा होता, तोही आला नाही.

तुमच्या मांडणीवर आहे का अशी कोणाची वाटी?