दोन गाड्यांची एक: नागपूर ते चिचगड, एका इंजिनापायी

"या वयात लोक बायकोला चारधामला नेतात, तुम्ही मला भंगार दाखवायला नेता," मंजूने गाडी सुरू करता करता ऐकवलं. मंजू म्हणजे माझी बायको. स्टिअरिंगवर ती होती, कारण माझी कंबर धरली होती. आणि कंबर धरली होती कारण आदला अख्खा रविवार मी एका मोटारीखाली उताणा पडून होतो. सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेसातला. मार्चचा दुसरा आठवडा, पण ऊन भंडारा रोडवर आतापासूनच अंगावर यायला लागलं होतं.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, जुन्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. माझ्याकडे ऐंशीच्या दशकातली एक जपानी स्पोर्ट्स कार आहे. दोन दारांची, जमिनीलगत बसलेली, आणि पुढचे दिवे बटण दाबल्यावर बोनेटमधून वर येणारी. आफ्रिकेतून परतलेल्या एका डॉक्टरांच्या घरच्यांकडून घेतली. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, मागे लिहिलं तर कमेंटमध्ये लोक नुसता भाव विचारून राहिले होते. गेली अकरा-बारा वर्षं मी ती दुरुस्त करतोय. झाली म्हणेपर्यंत दुसरं काही निघतं. मागच्या उन्हाळ्यात इंजिनाचा ब्लॉक तडकला. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं मुख्य ओतीव धड, ज्यात पिस्टन वरखाली होतात. दोनदा वेल्डिंग केलं, दोनदा गळलं. आतले पिस्टन, क्रँक, वरचं हेड सगळं नवं, जपानहून मागवलेलं, आणि ते सगळं बसलंय तडकलेल्या धडात.

खरं सांगायचं तर मी थकलो आहे. पूर्वी नवा पार्ट आला की लहान पोरासारखा रात्रभर जागायचो. आता कुरिअरवाल्याची बेल वाजली की आधी कंबर आठवते. त्यात ज्या शेडमध्ये गाडी उभी आहे ती मेहुण्याची, आणि त्याने तो प्लॉट विकला. महिनाअखेर शेड रिकामी करायची. घरात आमचं बोलणं झालं ते असं, की ब्लॉक मिळाला तर भाड्याची जागा बघायची, नाही मिळाला तर गाडी भंगारात द्यायची आणि तो विषय पुन्हा काढायचा नाही. हे मीच बोललो होतो. मंजूने फक्त मान हलवली होती.

आमच्यासारख्या वेड्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. तिथे कुणीतरी फोटो टाकला. तीच गाडी, तेच मॉडेल, लाल रंग. गोंदिया जिल्ह्यात, देवरीच्या पुढे चिचगडजवळ. मालकाला फोन लावला तर ते म्हणाले, "या ना, पाहून घ्या." विकणार का विचारलं तर पुन्हा तेच, "या तं आधी."

भंडाऱ्याला तर्री पोहे खाल्ले. मंजूने तर्री वेगळी घेतली, मी सगळी वर ओतून घेतली आणि साकोलीपर्यंत पश्चात्ताप केला. रस्ता चांगला आहे, टोलला फास्टॅग भरलेला ठेवा. साकोलीच्या पुढे जंगल लागतं, रस्ता पुलांवरून जातो आणि जनावरं खालून. पळस फुललेला होता. मंजू म्हणाली, बघा तरी. मी बघितलं. मनात चाललं होतं ब्लॉकचंच.

देवरीला थाळी साधारण दीडशेला मिळते, भात हवा तितका वाढतात. हॉटेलवाल्याला चिचगडचा रस्ता विचारला. "कोनाकडे जाऊन राहिले?" हिरामणभाऊंकडे, म्हटलं. "लाल गाडीवाले? बसते का बाप्पा दोघं त्या गाडीत?" म्हणजे गाडी या भागात नावाजलेली होती. देवरीहून दक्षिणेला वळलं की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना झाडी आणि झाडांखाली मोहफुलं वेचणाऱ्या बाया. पेट्रोल देवरीतच भरून घ्या.

हिरामणभाऊ सत्तरीचे, काटक, हातावर वेल्डिंगचे जुने डाग. धानाची थोडी शेती आणि मोहफुलांचा, लाखेचा व्यापार. आता व्यापार त्यांची बायको सुलोचनाबाईच बघतात. आम्ही गेलो तेव्हा त्या अंगणात पसरलेली मोहफुलं फावड्याने परतत होत्या.

"लय येळ केला," हिरामणभाऊ म्हणाले. "जेवन झालं का?"

झालं म्हटलं तर सुलोचनाबाईंनी मंजूकडे बघितलं. "हाटेलात कायले जेवले? घरी लाखोरीचं वरन टाकून ठेवलं ना मी." मग पुन्हा जेवलो. तर्री, थाळी आणि वर लाखोरीचं वरण, माझ्या पोटाने त्या दिवशी जे सोसलं त्याची नोंद कुणीतरी घ्यायला हवी.

गाडी मोहफुलांच्या गोदामात होती, जुन्या सुती लुगड्यांच्या गोधडीखाली. प्लास्टिक नाही, ताडपत्री नाही, सुती. गोधडी काढली आणि मी तिथेच पोत्यावर बसलो. माझ्या गाडीचा तळ तीनदा पत्रा लावून सांधलेला आहे, दारं रंगाच्या जोरावर उभी आहेत. ही गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी होती. मूळचा रंग, सरळ कडा, गंजाचा ठिपका नाही. दार उघडलं तर आतून मोहाचा गोड, आंबूस वास आला.

"डोरे पाहा," हिरामणभाऊ म्हणाले, म्हणजे गाडीचे डोळे. त्यांनी बोनेट उचललं आणि आतली गोल कळ हाताने फिरवली. पुढचे दिवे एकामागून एक वर आले. ते बघताना त्यांचा चेहरा असा झाला की मंजूने फोटोसाठी मोबाईल काढला आणि मग फोटो न घेताच परत ठेवून दिला.

भाऊ वीस वर्षं सिंगापूरला गोदीत वेल्डर होते. तिथे दहा वर्षं झाली की गाडी रस्त्यावरून काढावी लागायची, म्हणून चांगल्या गाड्या मातीमोल जायच्या. परत येताना ही बोटीने आणली. "सारे म्हनत, सोनं आन, टीव्ही आन. मी हे आनलं." इथे ती फार चालली नाही. खड्ड्याला पोट घासायचं, पार्ट मिळायचे नाहीत. "पन बंद पडू देल्ली नाई. दर दसऱ्याले धुतो, हार घालतो, नारळ फोडतो, चालू करतो. दोन मिनिटं आवाज आयकतो, मंग बंद. येक दसरा चुकू देल्ला नाई. पन आता दोन साल झाले, उठून नाई राहिली."

हे ऐकलं आणि मला पुढचं सगळं कळलं.

तरी तपासलं. तेलाचं झाकण उघडलं, खालच्या बाजूला दह्यासारखा पांढरट थर. प्लग काढून मोबाईलला जोडायचा बारीक कॅमेरा आत सोडला. सिलिंडरच्या भिंती गंजून लाल, पिस्टन जाम. भाऊ माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होते.

"कायनं झालं हे?"

गोड बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. सांगून टाकलं. पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं. गाडी नीट तापली, तासभर चालली, तर ते वाफ होऊन निघून जातं. दोन मिनिटांत बंद केली की आतच राहतं, आणि मग वर्षभर बसून खातं. अजिबात चालू केली नसती, प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून ठेवली असती, तर आज इंजिन बरं असतं.

हिरामणभाऊंनी गाडीच्या दारावर हात ठेवला. मग म्हणाले, "म्हनजे मीच मारली म्हना."

"मुद्दाम थोडीच, भाऊ."

"पूजा केली ना म्या."

मला फार वाईट वाटलं. आणि स्वतःचाही राग आला, कारण त्याच क्षणी माझ्या डोक्यात दुसरा हिशेब चालू होता. ब्लॉक तडकलेला नव्हता. गंज वरवरचा. भिंतींना नवे लायनर, म्हणजे आतून लोखंडी अस्तर, बसवले तर हे धड माझ्या पार्टांना चालणार होतं. ते मी त्यांना सांगितलं. माझ्या गाडीचंही सांगितलं, आतलं सगळं नवं आहे, फक्त धड नाही.

भाऊ व्यवहारी माणूस. त्यांनी पटकन धरलं. "म्हनजे दोनची येक होते."

"होते."

"मंग माहीच करून द्या."

मी मागायला आलो होतो आणि हा माणूस माझ्याकडेच मागत होता. मी हसलो, पण ते हसले नाहीत. "मले पैसा नोको," ते म्हणाले. "वीस वर्षं दुसऱ्याचं लोखंड जोडलं, साहेब. हे येकच माहं होतं." सुलोचनाबाई दारातून म्हणाल्या, "अवो, पाहुण्याले असं म्हनते का?" पण त्यांच्या आवाजात नकार नव्हता.

विचार करतो म्हटलं आणि निघालो. निघताना मंजूच्या हातात वाळलेल्या मोहफुलांची पिशवी आली. देवरीपर्यंत मी एकटाच बडबडत होतो. हा काय न्याय आहे, अकरा वर्षं मी खपलो, इंजिन त्याने घालवलं आणि गाडी त्याची करायची. मंजूने ऐकून घेतलं. "झालं?" तिने विचारलं. झालं म्हटलं. मुक्काम देवरीलाच केला. खोली साधी पण स्वच्छ, नळाला गरम पाणी फक्त सकाळी.

दुसऱ्या दिवशी गोंदियाला गेलो. वाट वाकडी होती, पण तिथे मुर्रीच्या रस्त्याला ट्रॅक्टरची इंजिनं बोअर करणारं, म्हणजे आतून कोरून देणारं, एक जुनं वर्कशॉप आहे असं ग्रुपवर कळलं होतं. लायनर खरंच बसतील का, हे एकदा जाणत्याकडून ऐकायचं होतं. धानाच्या शेतांना लागूनच शेड, लेथचा आवाज, दारात उघडे ब्लॉक रांगेने मांडलेले. मालक सलीमभाईंना मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला.

"हो जाएगा. लायनर टाकून देतो. ब्लॉक घेऊन या, आठ दिवस लागन." मग त्यांनी सहज विचारलं, "टाकायचा किसकी गाडी में आहे?"

तेच तर ठरायचं आहे, म्हटलं.

"ठरायचं क्या उसमें? बॉडी किसकी अच्छी है?"

या कामात हे सगळ्यांना माहीत असतं. दोनातून एक करायची वेळ आली की इंजिन चांगल्या पत्र्याकडे जातं. इंजिन पुन्हा बांधता येतं, कुजलेल्या पत्र्याचं मरण फक्त पुढे ढकलता येतं. ग्रुपवर मी स्वतः दहा जणांना हे शिकवलं आहे, वर दोन शब्द सुनावलेही आहेत. काल गोदामात पोत्यावर बसलो तेव्हाही मला हेच माहीत होतं. म्हणून तर देवरीपर्यंत एवढी बडबड.

"त्यांची," मी म्हणालो.

सलीमभाईंनी चहा मागवला आणि ट्रॅक्टरच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

परतताना तिरोड्यावरून आलो. गोंदियाहून नागपूरला जायला हा रस्ताही बरा आहे, तिरोड्याच्या आसपास वीज केंद्राच्या राखेचे टँकर सोडले तर. लांबून चिमण्या दिसत होत्या, भोवती उन्हाळी धान हिरवागार. एका टपरीवर चहा घेतला. तिथून हिरामणभाऊंना फोन लावला. मंजूने गाडीची काच वर केली आणि पंखा बंद केला, ऐकू यावं म्हणून.

सांगितलं की गाडी तुमचीच करू. माझं हेड, पिस्टन, क्रँक, सगळं देतो. ब्लॉक गोंदियाला बोअर होईल, जोडणी मी येऊन करीन. भाऊ म्हणाले, "आनि तुमची?"

"माझी गेली, भाऊ."

"काऊन पन?"

पत्रा चांगला तुमचा आहे, म्हटलं. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. मी माझी अट घातली. महिन्यातून एकदा गाडी देवरीपर्यंत नेऊन आणायची, तासभर, पूर्ण तापू द्यायची. दोन मिनिटांचा कारभार बंद.

"आनि दसऱ्याले?"

"दसऱ्यालाही. आधी देवरीहून फिरवून आणा, मग हार घाला."

"बरं," ते म्हणाले. मग म्हणाले, "लाखोरीची डाळ पाठवून देतो." फोन ठेवल्यावर मी मंजूला म्हटलं, सुटलो एकदाचा. तिने गाडी रस्त्यावर घेतली. मलाही सुटल्यासारखं वाटत नव्हतं, नुसतं थकल्यासारखं वाटत होतं.

ही दोन दिवसांची सफर कुणी करणार असेल तर पळस असेपर्यंत करा, आणि नागझिऱ्यासाठी एक दिवस जास्त ठेवा. आम्ही ठेवला नाही.

येऊन चार दिवस झाले. आज सकाळी शेडवर गेलो, पार्ट उतरवायला. मंजूही आली, तिला यायचं काही कारण नव्हतं. जुन्या गाडीचा एकही बोल्ट सरळ निघत नाही हे या छंदातलं पहिलं दुखणं. गंजरोधक फवारा, हातोडा, वेळ पडली तर गॅसची ज्योत, सगळं तयार ठेवलं होतं. दुपार मोडेल असा अंदाज होता.

पहिल्या बोल्टला पाना लावला, जोर काढायला पाय रोवले, आणि तो हलक्या हाताने फिरला. दुसराही. तिसराही. अकरा वर्षांत प्रत्येक बोल्ट मी ग्रीस लावून, हाताने आटे बसवून मग पानाने घट्ट केला होता. पुढे उघडायला सोपं जावं म्हणून.

तासाभरात गाडी मोकळी झाली. मंजू म्हणाली, एवढ्यात? मी पाना धरून तिथेच खाली बसलो. तिने माझ्या हातातला पाना घेतला आणि माझ्या बाजूला जमिनीवर बसली.