चढावरचं छोटं इंजिन

धरमतरच्या जेट्टीवर आज कोळशाचा वास आला आणि लहानपणी माथेरानच्या चढावर पाहिलेलं, धापा टाकणारं छोटं वाफेचं इंजिन आठवलं. गाडी इतकी हळू चालली होती, की मी आणि धाकटी बहीण सुमन उतरून तिच्या बाजूने चालू लागलो. चढ सरताच मी पळत डब्यात चढलो. सुमन मागे राहिली. मी वळूनही पाहिलं नाही. ड्रायव्हरने गाडी थांबवली.

"ये गो बाय, सावकाश ये. तुला टाकून नाय जात."

तेव्हा मला उशीर झाल्याचाच राग आला होता.

पुढे आईचं आजारपणही सुमनवर टाकून मी पेणच्या नोकरीची सबब सांगत राहिलो. आई गेल्यावर तोंड दाखवायची लाज वाटली. आज जेट्टीवरूनच रोह्याला सुमनला फोन लावला.

"सुमे, येऊ का?"

"ये की दादा. पण जेवल्यावर भांडी तू घासायचीस."