मुका होणारा फोन

"मॅडम, ह्यो परत मुका झाला."

कुंदाताईंनी फोन टेबलावरून माझ्याकडे सरकवला. मी उचलून पाहिला. स्क्रीन लागत होती, घड्याळ बरोबर होतं, रेंज फुल. स्क्रीनवर बोट फिरवलं. आवाज नाही. दुकानात नेला असता तर दुकानदार म्हणाला असता, फोन तर मस्त चाललाय.

पण कुंदाताईंना दिसत नाही.

मी दृष्टी गेलेल्या माणसांना मोबाइल वापरायला शिकवते. आमच्या संस्थेचं केंद्र रोह्याला आहे. मी पेणला रामवाडीत राहते आणि एसटीने जाऊन-येऊन करते. दिसतच नाही तर टचस्क्रीनचा फोन काय कामाचा, असं मला बसमध्येसुद्धा लोक विचारतात. अँड्रॉइड फोनमध्ये एक सोय असते, तिला स्क्रीन रीडर म्हणतात. ती सुरू केली की बोटाखाली जे येईल ते फोन बोलून दाखवतो. 'मेसेज.' 'बॅटरी साठ टक्के.' हवं ते ऐकू आलं की दोनदा टॅप करायचं, ते उघडतं. हात बसला की माणसं माझ्यापेक्षा भरभर चालवतात. पण सगळी मदार त्या आवाजावर. तो गेला की हातात नुसती काच उरते.

रोह्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने आमच्या विद्यार्थ्यांना फोन द्यायचं कबूल केलं होतं. हा सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजासाठी बाजूला काढलेला पैसा. मार्चअखेर खर्च झाला नाही तर आमच्या हातून गेला. बजेट बेताचंच होतं. पेणला एसटी स्टँडजवळ इम्तियाजभाईंचं मोबाइलचं दुकान आहे, त्यांनी एका चिनी ब्रँडचा फोन सुचवला. ते नाव मी आधी कधी ऐकलं नव्हतं. इम्तियाजभाई त्याचा एक उच्चार करायचे, आमचे कर्णिक सर दुसराच.

कर्णिक सर म्हणजे संस्थेचे मॅनेजर. त्यांनी नमुन्याचा फोन माझ्या हातात दिला.

"वापरून बघा आणि रिपोर्ट द्या. पॉझिटिव्हच असेल असं धरून चालतोय मी."

वरवर पाहता होताही पॉझिटिव्ह. मराठी आवाज स्वच्छ. स्पीकर खणखणीत. बाजूची बटणं उंच, बोटाला लगेच सापडणारी. कॅमेरा यथातथा, पण औषधाच्या पाकिटावरचं नाव वाचण्यापुरता ठीक. आणि इअरफोनची पिन घालायची जागा होती. महागड्या फोनमधून ती गेली आहे, पण आमच्या लोकांना ती लागते. फोन सगळं मोठ्याने बोलतो. घरात चार माणसं बसलेली असताना आपला मेसेज आपल्यालाच ऐकू यावा असं वाटत असेल तर कानात वायर हवीच.

फोन वर्गात चांगला चालला. पण वर्गात मी असते. म्हणून मी नमुना नेहमी एका विद्यार्थ्याला घरी वापरायला देते. या वेळी कुंदाताईंना दिला.

कुंदाताई गडब गावच्या. पन्नाशी ओलांडलेल्या. लग्नाआधी मिठागरावर कामाला जायच्या. काचबिंदूने नजर हळूहळू गेली. वर्गात सगळ्यात चिकाटीच्या त्याच. एकदा मी विचारलं, एवढी घाई कसली? तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांची मुलगी रुपाली खांब गावात दिलेली. सासरचं घर लहान, फोनवर मोकळं बोलता येत नाही, म्हणून ती आईला लिहिते. ते लिहिलेलं कुंदाताईंना त्यांची धाकटी जाऊ वनिता वाचून दाखवायची. वनिता मनाने वाईट नाही, पण तिचा आवाज ओटीवरून थेट रस्त्यापर्यंत जातो. मागच्या वर्षी रुपालीला दिवस गेले, तो मेसेज वनिताने अंगणात वाल सोलता सोलता वाचला. संध्याकाळी सगळ्या आळीला ठाऊक. ते मूल काही राहिलं नाही. मग जी भेटेल ती बाई रुपालीला विचारायची, काय झालं गो, कसं झालं?

"तवापासून पोरीने लिवायचाच बंद केलाय," कुंदाताई म्हणाल्या. "आता मी तिला सांगितलाय, थोडं थांब. माझा फोन मी आयकीन. मंग लिव."

आणि आता तोच फोन घरी नेला की मुका होत होता.

अशा वेळी पहिली शंका बोटांवर येते. आवाजाची दोन्ही बटणं एकदम दाबून धरली तर स्क्रीन रीडर बंद होतो, पुन्हा धरली तर सुरू होतो. फोन पिशवीत कोंबताना ती दाबली जातात. मी कुंदाताईंना फोन कसा ठेवता ते करून दाखवायला सांगितलं. त्यांनी तो पालथा, अलगद, रुमालावर ठेवला. बटणांना धक्का लागायचं कारण नव्हतं.

"मी काय नाय केला त्याला. नुसता ठेवला होता. परत घेतला तं गप."

मग फोन मी स्वतःकडे घेतला. स्क्रीन रीडरमध्येच एक सेटिंग असते, त्याने स्क्रीन पूर्ण काळी होते, फक्त आवाज राहतो. डोळस ट्रेनरने फोन तसा वापरल्याशिवाय त्याच्याबद्दल मत देऊ नये असं मला वाटतं. रोह्याहून पेणच्या गाडीत बसले, स्क्रीन काळी केली आणि कानात वायर घातली. नागोठण्यापर्यंत मेसेज ऐकले, एक फोन केला, सगळं ठीक. मग फोन पर्समध्ये टाकला. गडबच्या पुढे काढला, तर मुका. आवाजाची बटणं दाबून धरली. तरी मुका. शेवटी पर्सच्या सावलीत धरून स्क्रीनकडे पाहिलं; रीडरच बंद पडल्याने ती काळी राहिली नव्हती. बटणं दाबल्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत एक चौकट आलेली होती: बॅटरी वाचवण्यासाठी हे अ‍ॅप बंद केलं आहे, पुन्हा सुरू करायचं का?

म्हणजे आवाज परत आणायला आधी डोळ्यांनी वाचायचं. मला गाडीतच हसू आलं, आणि रागही.

घरी शोधाशोध केली. दोषी सापडला तो कंपनीने स्वतः घालून दिलेला 'फोन मॅनेजर'. स्वस्त फोनमध्ये मेमरी कमी असते. तरी तो जलद वाटावा, बॅटरी जास्त टिकावी म्हणून असा एक मुकादम बसवतात. ज्या अ‍ॅपला बराच वेळ कोणी हात लावला नाही ते तो बंद करतो. स्क्रीन रीडरला कोणी मुद्दाम उघडत नाही, तो मागे बसून ऐकवत असतो. वॉचमन नुसता बसून राहतो म्हणून त्याला कामावरून काढावं, तसा प्रकार.

मी बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन रीडरला सूट दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन पुन्हा मुका. सूट आपोआप निघालेली. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता.

"मॅडम, आप एक बार फोन रीसेट कर लीजिए."

"अंध माणूस वापरतो हा फोन."

तो म्हणाला, "तो घर में किसी से करवा लीजिए।"

कर्णिक सरांना मी स्पष्ट सांगितलं की फोन असा असेल तर मी हो म्हणणार नाही.

"अहो, बाकी सगळं चांगलं आहे ना? एवढ्या एका कारणावरून?"

"सर, एवढंच कारण आहे फोन द्यायचं."

"तुम्ही नाही म्हणालात तर या वर्षी कोणालाच काही मिळणार नाही. पुढच्या वर्षी कंपनी विचारेल याची गॅरंटी काय?"

त्यांचंही खोटं नव्हतं. या बजेटमध्ये दुसरा फोन बसत नव्हता. मी इम्तियाजभाईंकडे तीन-चार मॉडेलं पाहून आले होते. म्हणून मी कुंदाताईंनाच विचारलं. अधूनमधून मुका होणारा फोन घ्याल, की यंदा थांबाल?

"मुका फोन घरान नेऊन काय करू?" त्या म्हणाल्या. "त्यापरीस जाऊ बरी. ती बोलते तरी."

आम्हा ट्रेनर लोकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात मी सगळं लिहून टाकलं. नाशिककडच्या एकाचं व्हॉइस उत्तर आलं. तो स्वतः अंध आहे आणि असे फोन पिंजून काढणं हा त्याचा छंदच. तो म्हणाला, या मॅनेजरला फोनवरून बंद करता येत नाही, पण फोन केबलने लॅपटॉपला जोडून एका ओळीची कमांड दिली की तो झोपतो. कमांडही त्याने लिहून पाठवली. शिवाय एक सूचना: फोनचं आपोआप होणारं अपडेट बंद ठेवा, नाहीतर तो उठायचा.

कमांड दिली. पुन्हा स्क्रीन काळी केली. फोन पर्समध्ये ठेवला, कपाटात ठेवला, उशाशी ठेवला. जेव्हा उचलला तेव्हा बोलला. मग कुंदाताईंना परत घरी दिला आणि मुद्दाम काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात त्या आल्या त्या फोनवरून स्वतः मला फोन करूनच.

"मॅडम, स्टँडाव उतरले. येते."

रिपोर्टमध्ये मी हो लिहिलं, एका अटीवर. प्रत्येक फोन वाटपाआधी उघडून, लॅपटॉपला लावून तयार करायचा.

कर्णिक सर खुर्चीतून अर्धे उठले. "आधी उघडायचा? मॅडम, कंपनीचे साहेब येणार, फोटो निघणार. सील फोडलेले डबे त्यांच्या हातात देऊ? जुने फोन वाटले म्हणतील!"

"सर, सीलबंद फोन घरी गेला तर तिथे तो कोण तयार करणार?"

"नंतर बोलावू ना सगळ्यांना."

"कोणी म्हसळ्याहून येतं, कोणी सुधागडातून. सोबत माणूस आणावा लागतो, त्याचा रोज बुडतो. आणि तोवर फोन मुका. चार दिवसांत तो नातवाकडे जाईल."

इम्तियाजभाई समोरच बसले होते. सर त्यांच्याकडे वळले. "सील फोडलं तर वॉरंटी जाते ना?"

"सीलने नाही जात, सर. बिल माझं आहे, मी बघतो. डबा मी परत असा बांधून देतो की साहेबांना कळणार पण नाही."

सरांनी पेन खिशात टाकलं. मग म्हणाले, "रिबीन लावा वरून. लाल."

वाटपाच्या दिवशी कंपनीचे साहेब आले. भाषण झालं. पहिला डबा त्यांनी उचलला, फोटोसाठी जरा घट्ट धरला आणि आतून एका बाईचा आवाज आला, 'अकरा वाजून वीस मिनिटं.' साहेब दचकले. डब्यात फोनचं बटण दाबलं गेलं होतं. पुढच्या रांगेतले आमचे विद्यार्थी आधी हसले.

"हा आतूनच बोलतो?" साहेबांनी विचारलं.

कर्णिक सर माइकजवळ सरकले. "हो सर. आम्ही रेडी करूनच देतो. आमची तशी सिस्टीमच आहे."

मी टाळ्या वाजवल्या.

नंतरच्या वर्गात मी कुंदाताईंना विचारलं, फोन कसा आहे?

"चांगला हाय."

"मुका होतो?"

"नाय."

"रुपाली लिहिते का?"

"लिवते."

त्या पुढे काही बोलतील असं वाटलं. त्यांनी इअरफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली आणि विचारलं, "आज काय शिकवता?" मग मीही धडा सुरू केला.

थंडीत एक दिवस वनिता पेढ्यांचा बॉक्स घेऊन केंद्रावर आली. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते, पण आवाजावरून नाव सांगायची गरज नव्हती.

"मॅडम, आमच्या रुपालीला मुलगी झाली! बाळबालंतीन बरी हाय." मग कमरेवर हात ठेवून, थोड्या तक्रारीच्या सुरात: "पन पाचवा म्हयना सरला तरी आमाला पत्ता नाय, बगा. ही आपली कानान वायर घालून बसायची. आमाला वाटं भजन आयकते!"

मागे बाकावर बसलेल्या कुंदाताई पेढा खात होत्या.

ते मॉडेल आता बंद झालंय. इम्तियाजभाईंनी परवा नवा फोन दाखवला. ब्रँड आणखी वेगळा, नाव पुन्हा उच्चारता न येणारं, फोन मॅनेजरची जागा दुसरीच. कर्णिक सरांनी विचारलं, "मागच्यासारखाच आहे ना? मग रिपोर्ट कशाला?" मी म्हटलं, द्या तरी माझ्याकडे आठवडाभर.

स्वस्त फोन वाईटच असतो असं माझं मत नाही. तो बनवताना काही मेहनत वाचवलेली असते, म्हणून तो स्वस्त मिळतो. ती मेहनत नंतर कोणालातरी करावीच लागते. ती वापरणाऱ्यावर पडू द्यायची नाही, एवढं पाहावं.